दुमडलेला किनारा

गेल्या महिन्यात नात पुण्याहून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आजी, तुझी ती समुद्राची वही कुठंय गं?"

माझ्याकडे वह्यांना तोटा नाही. भूगोलाची मास्तरीण होते मी. कामवालीच्या खाड्यांपासून नातवंडांच्या दातांपर्यंत सगळं वहीत मांडून ठेवलेलं आहे. पण समुद्राची वही एकच. दोनशे पानी, वर जाड गुळगुळीत कागदाचं कव्हर, कव्हरावर निळा समुद्र आणि त्यात बसलेला काळा किल्ला. दाभोळपासून हर्णैपर्यंतचा किनारा पायी कसा चालायचा, त्याचा बेत आहे तिच्यात. बेत करायला पंधरा वर्षं लागली, चालायला दोन दिवस. आणि त्या दोन दिवसांत प्रत्यक्ष किनाऱ्यावर किती चाललो, हे विचाराल तर मला अजूनही कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

"काय करायचीय वही?" मी विचारलं.

"मैत्रिणींबरोबर चालत जायचंय. तोच पट्टा. बघते तरी तू काय काय लिहिलंयस."

आतल्या खोलीतून आवाज आला, "बघ की. लई करमणूक होईल."

तो आवाज माझ्या नणंदेचा. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. माझ्याहून एका वर्षानं मोठ्या. नातेपुत्याला दिलं होतं त्यांना, दीड वर्षात परत आल्या, आणि तेव्हापासून त्या ह्याच घरात आहेत. म्हणजे माझ्या आधीपासून. मी लग्न होऊन आले तेव्हा दारात माप ठेवायला त्याच होत्या. आता बारा वर्षं झाली, त्यांना दिसत नाही. माझं मात्र त्यांना सगळं दिसतं.

आणि माझं म्हणजे काय, ते आता सांगते.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी कशी होते? केसांना दोन्ही बाजूंनी चिमटे, पर्समध्ये लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं, आणि बोलताना तर्जनी कायम वर. वर्गात समुद्र असा शिकवायची की पहिल्या बाकावरच्या मुली पाय वर घ्यायच्या. खाड्या, पुळणी, सागरी गुहा, चंद्राचं आकर्षण, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं. आणि बाईंनी स्वतः समुद्र पाहिला होता एकदा. मुंबईला एका लग्नाला जाताना, टॅक्सीच्या काचेतून, मध्ये आमच्या ह्यांचं डोकं.

त्या वर्षी वन्संनी एका जुन्या कॅलेंडरचं पान जपून ठेवलं होतं. वर्ष संपलं तरी त्यांनी ते टाकलं नाही. ट्रंकेत साड्यांच्या खाली सपाट करून ठेवलं होतं. एके दिवशी दुपारी मी पेपर तपासत बसले होते, त्या फॉल लावत होत्या. फॉल-पिकोची कामं त्या घरी आणायच्या, गल्लीतल्या निम्म्या साड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. उठल्या, ते पान काढून आणलं, माझ्या पेपरांवर ठेवलं आणि बोट टेकवून म्हणाल्या,

"वहिनी, हितं जाऊ या का गं आपण? दोघीच. चालत."

मी बघितलं. समुद्रातला किल्ला. लगेच तर्जनी वर.

"हा सुवर्णदुर्ग! हर्णैचा. आरमाराचा फार मोठा तळ होता इथं. नुसतं जाऊन काय उपयोग वन्सं, सगळा किनारा बघितला पाहिजे. दाभोळच्या बंदरापासून सुरुवात करायची, पायी वर यायचं, आणि किल्ला सगळ्यात शेवटी. म्हणजे कसं, कळस चढल्यासारखं होईल."

"किल्ला व्हय," वन्सं म्हणाल्या. मग जरा थांबून, "तू म्हणशील तसं. पण जाऊ हं."

"जाऊ की. नीट ठरवून जाऊ."

हे 'नीट ठरवून' माझ्या तोंडात पुढची पंधरा वर्षं बसलं.

दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तिला कव्हर घालायला जाड कागद हवा होता, आणि घरात जाड कागद म्हणजे वन्संचं ते पान. मी मागितलं. त्यांनी क्षणभर ते धरून ठेवलं, मग दिलं. मी कात्री घेतली तशा एवढंच म्हणाल्या, "खालचं कापू नको गं. दुमड."

मला वाटलं, काटकसर. आमच्या घरात सगळेच काही ना काही दुमडून ठेवायचे. मी खालची चांगली चार बोटं आत दुमडली, खळ लावली, आणि किल्ला नेमका मधोमध आणला. किती सुरेख दिसली होती वही! मी स्वतःच्याच वहीकडे मान तिरकी करून बघत बसले होते, हे मला आठवतं. त्या मान तिरकी केलेल्या बाईला एक टप्पल मारावीशी वाटते.

मग बेत सुरू झाला. पहिल्या वर्षी गावांची नावं, अंतरं, मधल्या खाड्या. दुसऱ्या वर्षी देवळं, बंदरं, कुठल्या गावात काय इतिहास. तिसऱ्या वर्षी मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं, कारण हिरवं पेन देवळांना आणि निळं खाड्यांना असं ठरवलं होतं आणि मध्ये रंगांची गल्लत झाली होती. वन्सं दर उन्हाळ्यात विचारायच्या, "ह्या सुट्टीत?" आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे कारण असायचं. कधी दहावीचे पेपर, कधी मुलाची परीक्षा, कधी कोकणातला उकाडा. दिवाळीच्या सुट्टीत फराळ आणि पाहुणे.

आता कुणाला वाटेल, घरच्यांनी अडवलं असेल. सासू कडक असेल, नवरा तसला असेल. तसं काही नव्हतं हो. असतं तर बरं झालं असतं, आज दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं. सासूबाई म्हणायच्या, "जाऊन या बायांनो, मी भात लावून खाईन." आमचे हे तर वैतागून म्हणाले होते, "जायचं तर जा की! तुम्हाला अडवलंय कोण?"

मला मीच अडवत होते. वहीतला किनारा माझ्या हुकमात होता. तिथं ऊन नव्हतं, पाय दुखत नव्हते, कुणाला रस्ता विचारावा लागत नव्हता. शिक्षकांच्या खोलीत मी ती वही उघडून बसले की बाकीच्या बाया गोळा व्हायच्या. "बाई, तुमचं म्हणजे अगदी पद्धतशीर!" ते ऐकायला फार गोड वाटायचं. खरोखर गेले असते तर ते संपलं असतं.

आणि अजून एक आहे. ते लिहायला पेन जड होतं, पण ह्या वयात लाज कुणासाठी राखायची? वन्संना एकटीनं कुठं जाता येत नव्हतं. परत आलेली बाई, भावाच्या घरात राहणारी. फॉलचे चार पैसे मिळायचे, पण घराबाहेर पाऊल टाकायचं तर कुणाबरोबर तरी. ते कुणीतरी म्हणजे मी. जाण्याची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि ती तिथं आहे हे मला माहीत होतं. लोक नणंदांच्या छळाच्या गोष्टी सांगतात. मी माझ्या नणंदेला कधी वाकडा शब्द बोलले नाही. फक्त 'नीट ठरवून जाऊ' म्हणत राहिले.

बाराव्या वर्षी वन्सं कप सांडायला लागल्या. चहाचा कप शेजारी ठेवला की त्यांचा हात त्याला लागायचाच. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आम्ही हसायचो, "वन्सं, चहा जमिनीला पाजता काय?" त्याही हसायच्या. सुईत दोरा मात्र पहिल्या फटक्यात ओवायच्या, त्यामुळे डोळ्यांचा कुणाला संशयच आला नाही. शेवटी एक दिवस रिक्षाखाली येता येता वाचल्या आणि मी त्यांना सोलापुरातल्याच सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांवर जेवढं टिकेल तेवढं.

बाहेर पडलो. सात रस्त्याला ती गर्दी, हॉर्न, सगळीकडून गाड्या. वन्सं माझा दंड धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, आता जाऊन येऊ या. नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, पण दिसतंय अजून."

मी म्हटलं, "हो हो, जायचंच. आता तर जायचंच."

आणि घरी येऊन काय केलं? वही उघडली आणि 'सामान' ह्या पानावर लिहिलं : डोळ्यांचे थेंब, थंड जागी ठेवणे. खाली लाल पेनानं रेघ.

आणखी तीन वर्षं गेली. माझी निवृत्ती जवळ आली होती. "आता थोडंच राहिलंय, मोकळ्या मनानं जाऊ," असं मी म्हणाले. मोकळं मन माझं. डोळे त्यांचे.

निवृत्त झाले आणि खरंच तारीख ठरवली. पंचमीच्या दिवशी दुसरा टप्पा येत होता, आणि तोच अवघड होता. मधल्या एका गावाच्या पुढं डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरते. पाणी ओसरलेलं असलं तरच तिच्या पायथ्याच्या खडकांवरून पलीकडच्या वाळूवर जाता येतं. पलीकडं गेलं की मग हर्णैपर्यंत जवळजवळ सगळी पुळण. मी मुक्कामाच्या घरी फोन लावला. तिथल्या बाईंना विचारलं, "पाणी किती वाजता जातं?" त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ना? दहाला जाईल बघा." मी लिहिलं : पाणी जाते, सकाळी १०. निळ्या पेनानं, चौकटीत.

मग शाळेतून निरोप आला की माझा निरोप समारंभ सहा दिवस पुढं ढकललाय. मी प्रवास सहा दिवस पुढं ढकलला. शाल, नारळ आणि 'पद्धतशीर बाई' हे शब्द ऐकल्याशिवाय मी कशी जाणार? सगळ्या तारखा खोडून नव्या घातल्या. गाडी, मुक्काम, जेवण, सगळं सहा दिवस पुढं. चौकटीतलं दहा मात्र तसंच राहिलं.

आता हसा. ह्या बाईनं तेहतीस वर्षं मुलींना भरती-ओहोटी शिकवली होती. चंद्र, सूर्य, पृथ्वी, बाणांच्या खुणा. 'भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते', हे वाक्य तिनं किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल आणि न लिहिणाऱ्या किती जणींचे गुण कापले असतील. पण घरात ती कोण होती? सोलापूरकरीण. चार दिवसांआड नळाला पाणी, आणि ते आलं की आमच्या गल्लीची वेळ ठरलेली. आज सकाळी दहाला आलं तर पुढच्या पाळीलाही दहाच्या सुमाराला. जन्मभर पाण्याची वेळ विचारायची आणि भिंतीवर लिहून ठेवायची. समुद्राचीही मी तशीच विचारली आणि लिहून ठेवली.

निघालो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, थेंबांची बाटली ओल्या रुमालात. पहिल्या दिवशी मी वन्संना वाळूवर फारसं उतरूच दिलं नाही. 'ओल्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, शक्ती राखून ठेवणे', असं वहीत होतं. मग आम्ही नारळीच्या वाड्यांमागच्या रस्त्यानं चाललो. समुद्र डाव्या हाताला, झाडांमधून तुकड्या-तुकड्यानं. वन्सं सारख्या डावीकडं मान पूर्ण वळवून चालायच्या, कारण डोळ्याच्या कडेनं त्यांना दिसत नव्हतं. दोनदा ठेचकाळल्या.

"समोर बघा," मी म्हटलं.

"समोर काय बघू? समोर डांबर हाय."

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला, मी घड्याळ बघितलं होतं, आम्ही त्या सोंडेशी पोचलो. खडक दिसतच नव्हते. पाणी थेट डोंगराला धडका मारत होतं. वाळूची एक चिंचोळी पट्टी उरली होती आणि तिच्यावर एक कोळीण टोपली उपडी घालून बसली होती. खडकाला चिकटलेली कालवं काढायला आलेली.

मी तिला वही दाखवली. खरंच दाखवली. जशी काही ती चूक समुद्राची होती. "दहाला पाणी जातं असं लिहिलंय," मी म्हणाले.

ती वहीकडं बघेना. मी वन्संना खजूर देत होते, तिकडं बघून म्हणाली, "उपास काय गो?"

"एकादशी," वन्सं म्हणाल्या.

"मग! एकादशी म्हणजे अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती पुरी झाली. आता दहाला वाट कुठली मिळायला? दोन-अडीचला पाणी तळाला जाईल. मीपण बसलेय ना थांबून."

अकराची पाऊणपट. हिशेब एवढाच. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचांग आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला होतं. त्या दिवसाचा उपास आम्ही दोघींनी सोलापुरातूनच ठरवून आणला होता. तिथी पोटात होती, डोक्यात नव्हती.

वन्सं हसायलाच लागल्या. इतक्या हसल्या की खजूर हातातून पडला. "वहिनी, पंधरा वर्षं! आणि तिथी बघितली नाहीस!" मग त्यांनी चपला काढल्या, साडी जरा वर घेतली आणि म्हणाल्या, "बरं झालं की. बसू हितंच दोनपर्यंत. पाण्यात पाय सोडून. ह्या बाई हायेतच गप्पा मारायला."

कोळीण सरकली आणि टोपलीशेजारी त्यांना जागा करून दिली.

तिथं मी बसायला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं मला त्या दिवशी. पण वहीत बाराला पुढच्या गावातलं देऊळ होतं, एकला फराळ, चारला किल्ला. वर्गात पहिल्यांदा उत्तर चुकलेल्या हुशार मुलीसारखी मी लाल झाले होते. त्या कोळिणीसमोर मला एक मिनिट उभं राहवेना.

"चला," मी म्हणाले. "वरच्या रस्त्यानं जाऊ. चार तास काय नुसतं बसायचं?"

"एक लाट तरी येऊ दे गं पायावर."

"साडी भिजेल. ओल्या साडीनं पुढं कशा चालणार?"

मी त्यांचा दंड धरला. सात रस्त्याला त्यांनी माझा धरला होता, तसाच. त्यांनी चपला पायात घातल्या. कोळिणीनं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला अजून उतरलेलं नाही.

वरचा रस्ता म्हणजे घाटाचा चढ, वर पोचेपर्यंत बारा वाजले. वाहन दुपारी चारपर्यंत मिळालं नाही. एका बसथांब्याच्या पत्र्याखाली आम्ही बसून राहिलो, कोरड्या. तेवढेच चार तास. मी मनात म्हणाले होते, नुसतं काय बसायचं!

हर्णैला पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. मी वन्संना जवळजवळ पळवतच बंदरावर नेलं. मला किल्ला स्पष्ट दिसत होता. पाण्यात बसलेला, काळा, लांबट. कमी उजेडात वन्संना काहीच दिसत नाही हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, मी वहीत लिहिलेलंही होतं.

"तो बघा! तो काय समोर!"

वन्सं बघत होत्या. किल्ल्याकडं नाही. त्याच्या बऱ्याच डावीकडं, जिथं चार होड्या नांगरल्या होत्या, तिकडं.

"दिसला?"

"दिसला की," त्या म्हणाल्या. "केवढा उंच आहे!"

किल्ला उंच नाही.

मुक्कामाच्या खोलीत त्यांनी विचारलं, "वहिनी, उद्या सकाळी उजेडात एकदा जाऊन येऊ या का वाळूवर? थोडंच."

मी म्हटलं, "पहाटे साडेपाचची गाडी आहे."

ती गाडी चुकली असती तर दुसरी होती. आठला होती. वहीतच लिहिलेली आहे, पान एकशे बारा.

पुढच्या वर्षी दिवाळीत वन्संना पणती दिसली नाही. पुन्हा कधी आम्ही त्या प्रवासाविषयी बोललो नाही. हे गेले, मुलगा पुण्याला गेला, आम्ही दोघी राहिलो. मी त्यांना पेपर वाचून दाखवते, त्या माझ्या चुका काढतात. असं चाललेलं होतं. आणि आता नात ती वही मांडीवर घेऊन बसली होती आणि पोट धरून हसत होती. "आजी, 'गांधीलमाशी चावल्यास' असं वेगळं पान आहे!" मग तिनं फोन काढला, अर्ध्या तासात मुक्काम ठरवला, गाडी ठरवली.

"भरतीचं बघितलंस का?" मी विचारलं.

"ॲप आहे गं त्याला."

आतून वन्सं बाहेर आल्या, भिंतीला हात लावत. "मी येणार," म्हणाल्या.

नात एकदम म्हणाली, "चल की आत्याआजी!"

माझं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगते, मला ते बोलायचं नव्हतं, ते आपोआप आलं. "अहो वन्सं, तुमचे गुडघे, बीपी, आणि उन्हात... थोडं थांबा, दिवाळीनंतर नीट ठरवून आपण तिघी..."

"तू नको येऊस," वन्सं म्हणाल्या.

रागानं नाही. चहात साखर नको म्हणतात, तशा आवाजात.

त्या गेल्या. मी दोन दिवस घरात एकटी. चतुर्थी होती, मी पंचांग बघितलं. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. नातीला फोन केला, "आज नऊला पाणी उतरेल हं." ती म्हणाली, "हो आजी, दिसतंय इथं." मागं समुद्राचा आवाज येत होता आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. ते हसणं मी बारा-तेरा वर्षं ऐकलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला एक क्षण लागला. फोन ठेवला. नळाला पाणी यायचा दिवस होता, ते भरलं.

परत आल्या त्या साडीच्या काठाला मीठ घेऊन. सांगायला लागली नात. आत्याआजी म्हणे ओल्या वाळूत बसल्या त्या उठेचनात. पाणी मांडीपर्यंत आलं तरी उठेनात. मग दोन मुलींच्या खांद्यावर हात टाकून पाण्याच्या कडेकडेनं चालल्या, केवढं तरी, तोंडानं एकेक लाट मोजत.

मी वन्संना विचारलं, "आणि किल्ला? पोरींनी सांगितलं का कुठल्या बाजूला ते?"

"विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "किल्ला तुझा होता, वहिनी. मला कशाला हवा होता किल्ला? तेव्हा तू एवढी हौसेनं दाखवत होतीस, म्हणून दिसला म्हटलं."

"मग कॅलेंडरवर बोट..."

"बोट कुटं ठेवलं होतं, बघितलंस का तू?"

त्या आत आंघोळीला गेल्या. मी वही घेतली आणि कव्हर काढायला लागले. खळ वाळून कडक झाली होती, नखानं खरवडावी लागली. आत दुमडलेली चार बोटं उलगडली, तेव्हा घडीवर कागद फाटला आणि ती पट्टी माझ्या हातात आली. रंग अजून ताजा होता, इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे. वाळू, फेसाची पांढरी कड, आणि त्या कडेनं चालणारी एक बाई. पाठमोरी, करंगळीएवढी. साडी घोट्याच्या वर खोचलेली, चपला हातात. किल्ला तिच्या फार वर, फार लांब.

मोरीतून वन्संचा आवाज आला. "काय फाडतेस गं?"

"काही नाही. कव्हर काढतेय."

पाण्याचा आवाज थांबला. "खालचं आहे ना अजून? कापलं नव्हतंस ना?"

"नाही. दुमडलं होतं."

"मग ती पट्टी पोरीला दे. आणि वही रद्दीत टाक."

पट्टी मी नातीला त्याच संध्याकाळी दिली. वही अजून टाकलेली नाही. टाकीन. नीट ठरवून टाकीन.